माशाचा पक्षी होताना मधल्या फ्रेममध्ये आकार पिळवटतो. काय करावं?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी,

एक छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म करतोय, एकट्यानेच. त्यात एका ठिकाणी मासा पाण्यातून उसळी मारतो आणि हवेतच त्याचा पक्षी होतो. कट नकोय, डिझॉल्व्हही (एक चित्र विरत दुसरं उमटणं) नकोय. बाहेरची रेघच वळत वळत बदलली पाहिजे.

दोन्ही चित्रं इंकस्केपमध्ये (रेघांनी चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) काढली आहेत, सपाट, एकरंगी. मासा नाक वर करून जवळजवळ उभा आहे, पक्षी आडवा उडतोय. माशाच्या पाथला, म्हणजे कडेच्या रेघेला, १४ नोड (रेघ ज्यांच्यातून जाते ते बिंदू) आहेत, पक्ष्याच्या पाथला ३१. शॉट दीड सेकंदाचा, म्हणजे सेकंदाला २४च्या हिशेबाने ३६ फ्रेम.

ब्राउझरमध्ये सरळ एका पाथवरून दुसऱ्यावर ट्वीन (मधल्या फ्रेम आपोआप भरणं) लावलं तर मधलं काहीच दिसत नाही, मासा असतो आणि एकदम पक्षी. ते का होतं ते कळलं: दोन्ही पाथमध्ये कमांड सारख्याच आणि तितक्याच लागतात. म्हणून स्वतःच कोड लिहिला. दोन्ही आकारांच्या कडेवर समान अंतरावर २००-२०० बिंदू घेतले आणि पहिला पहिल्याकडे, दुसरा दुसऱ्याकडे असे सरळ रेषेत सरकवले. आता आकार हलतो, पण पुढचे घोळ आहेत:

मध्यावर आकार पिळलेल्या फडक्यासारखा होतो, कड स्वतःलाच छेदते. शिवाय तिथे तो आकसतोही, दोन्ही टोकांना आहे त्यापेक्षा बराच लहान दिसतो. माशाला एकच भोक आहे, डोळ्याचं. पक्ष्याला दोन: एक डोळा, आणि दुसरं पंखाचं टोक शेपटीला टेकतं त्यामुळे पंख आणि अंग यांच्यामध्ये झालेलं. हे दुसरं भोक आणायचं कुठून? आणि सगळं कसं यंत्रासारखं वाटतं. ईझिंग, म्हणजे वेग कसा वाढतो-कमी होतो ते, बदलून पाहिलं, फार फरक नाही.

हे सगळं आपोआप करणारं एखादं सॉफ्टवेअर आहे का? की हात घालावाच लागतो?

---

कोपरा

पिळवटण्याचं आधी बघा, बाकीचं नंतर. बहुतेक तुमचा एक पाथ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने काढलेला आहे आणि दुसरा उलट.

तपासायची सोपी रीत: ओळीने येणाऱ्या प्रत्येक दोन बिंदूंसाठी पहिल्याचा क्ष गुणिले दुसऱ्याचा य, वजा दुसऱ्याचा क्ष गुणिले पहिल्याचा य. सगळ्यांची बेरीज, भागिले दोन. हे आकाराचं क्षेत्रफळ, चिन्हासकट. दोन्ही आकारांची चिन्हं वेगळी आली तर एका यादीचा क्रम उलटा करा. (स्क्रीनवर य खाली वाढतो, त्यामुळे धन म्हणजे नक्की कोणती दिशा यात डोकं घालवू नका. दोन्ही सारखी असली की झालं.)

दिशा बरोबर असेल तर सुरुवातीचा बिंदू बघा. समजा दोन सारखेच गोल आहेत. दिशा उलटी असेल तर बरोबर मध्यावर त्यांची सरळ रेघ होते. दिशा तीच पण सुरुवात समोरासमोरच्या टोकांना असेल तर मध्यावर ठिपका होतो. तुमच्या मासा-पक्ष्यात इतकं स्वच्छ दिसणार नाही, पण कडा एकमेकींवरून गेल्यासारख्या वाटल्या तर पहिला रोग, सगळं आत ओढल्यासारखं वाटलं तर दुसरा.

सुरुवात जुळवायला दोन्ही आकारांचे केंद्र एकावर एक ठेवा, एका यादीला एकेक घर सरकवत जा, दर वेळी जोड्यांमधल्या अंतरांच्या वर्गांची बेरीज घ्या, सर्वात कमी येईल ते सरकवणं ठेवा. २०० सरकवण्या गुणिले २०० जोड्या, ४०,००० वेळा गणित. मशीनला काहीच नाही. फ्लबर नावाची जावास्क्रिप्ट लायब्ररी हेच करते, कोड लिहायचा नसेल तर ती घ्या.

---

घाईत

एवढं कशाला? हल्ली दोन चित्रं दिली की मधल्या फ्रेम भरून देणारी एआय टूल आहेत. दोन मिनिटांचं काम.

---

लाइटबॉक्स

घाईत, फ्रेम भरणारी बरीचशी टूल जवळजवळ सारख्या दोन फ्रेमसाठी केलेली असतात. हात इथून तिथे थोडा सरकला, मधलं भरा. उभा मासा आणि आडवा पक्षी दिलात तर पिक्सेल कुठून कुठे गेले हे शोधायला त्याला काही धागाच नाही, मग एक विरत जातो, दुसरा उमटत जातो. पाटीपेन्सिलने डिझॉल्व्ह नको म्हटलंय.

पाटीपेन्सिल, मी लाइटबॉक्सवर पेग बारला कागद अडकवून इन-बिट्वीन, म्हणजे मधली चित्रं, काढण्यापासून सुरुवात केली, मग फ्लॅश हे अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर, मग जे येईल ते. तुझ्या चौथ्या तक्रारीपासून सुरू करते, कारण बाकीच्या तीन तिच्यातूनच निघतात. तुला वाटतंय ते ईझिंगमुळे यंत्रासारखं आहे. ईझिंगचा काही दोष नाही. तू मशीनला दोन चित्रं दिलीस आणि तिसरं चित्र काय असावं हे सांगितलंच नाहीस. मशीनला सरासरी येते. मासा आणि पक्षी यांची सरासरी म्हणजे ना धड मासा ना धड पक्षी, एक गोळा. त्या गोळ्यातून कितीही गुळगुळीत ईझिंगने गेलास तरी गोळाच दिसणार.

आधी ते २०० समान अंतराचे बिंदू काढून टाक. समान अंतराने दोन वाईट गोष्टी होतात. एक, टोकं बोथट होतात. चोचीचं टोक दोन बिंदूंच्या मध्ये पडलं की चोच छाटली गेली. दुसरं आणि जास्त वाईट: पंखाची कड लांब असते, सगळी पिसं धरून. समजा पक्ष्याच्या परिघाचा अर्धा भाग पंखांचाच आहे. मग माशाच्या परिघाचाही अर्धा भाग पंखाकडे पळणार, त्यात त्याचं पोट आलं, शेपटीचा बुंधाही आला. अंग उसवून पंख शिवल्यासारखं दिसतं.

म्हणून खुणा. माशाच्या तोंडापासून निघ आणि कडेने फिर: तोंडाचं टोक, पाठीवरच्या पराचं टोक, शेपटीचं वरचं टोक, शेपटीची खाच, खालचं टोक, छातीच्या पराचं टोक, परत तोंड. आता पक्षी: चोच, पलीकडचा पंख, शेपटीचं वरचं पीस, खाच, खालचं पीस, अलीकडचा पंख, परत चोच. सहा खुणा झाल्या. दोन खुणांच्या मधल्या तुकड्यात हवे तितके बिंदू घे, फक्त दोन्हीकडे तितकेच. आता पोट पोटातच राहतं. पराची कड ताणून पंख होतो, आणि बघणाऱ्याला ते पटतं, कारण पर आणि पंख दोन्ही अंगाला तिथेच चिकटलेले असतात.

फ्लॅशमध्ये याला शेप हिंट म्हणायचे, आता अ‍ॅडोबी अ‍ॅनिमेटमध्येही आहेत. कंट्रोल-शिफ्ट-एच दाबलं की एक गोल ठिपका येतो. इंग्रजी अक्षरांनी नाव, म्हणून जास्तीत जास्त २६. सुरुवातीच्या कीफ्रेमवर (आपण स्वतः काढलेल्या मुख्य चित्रावर) पिवळा, शेवटच्यावर हिरवा, आणि कडेवर नीट बसला नसेल तर लाल. वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू करून घड्याळाच्या उलट दिशेने लावले की उत्तम चालायचे. क्रम मात्र दोन्हीकडे तोच हवा. पहिल्या चित्रात कडेवरून जाताना पहिली, दुसरी, तिसरी खूण आणि दुसऱ्या चित्रात पहिली, तिसरी, दुसरी, असं केलंस तर मशीनला गाठ मारावीच लागते. तुझ्या कोडमध्येही हाच नियम लागेल.

हे काही माझं खूळ नाही. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाची 'हंगर' ही १९७४ची फिल्म बघ. पीटर फोल्डेस यांची. तिथल्या नॅशनल रिसर्च काउन्सिलमधले नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी कीफ्रेमची यंत्रणा बनवली होती, फोल्डेस चित्रं काढायचे आणि कॉम्प्युटर मधली भरायचा. त्यात माणसाच्या वस्तू होतात, वस्तूंची माणसं होतात, सगळं रेघांमधून. यंत्र आजच्या फोनच्या पासंगालाही पुरणार नाही असं, पण बदल डोळ्याला पटतात, कारण कुठली रेघ कुठे जाणार याचा विचार चित्र काढतानाच झालेला आहे. पुढे १९९१ सालच्या मायकल जॅक्सनच्या 'ब्लॅक ऑर व्हाइट' गाण्याच्या व्हिडिओत चेहऱ्याचे चेहरे झाले, तिथेही डोळ्यावर डोळ्याची रेघ आणि हनुवटीवर हनुवटीची रेघ माणसानेच ठेवली होती. थॅडियस बायर आणि शॉन नीली यांनी १९९२मध्ये ती पद्धत लिहून छापली. तेव्हा 'आपोआप करणारं सॉफ्टवेअर आहे का' याचं उत्तर: आपोआप जोड्या लावणारी आहेत, बरोबर जोड्या लावणारं नाही. चोच म्हणजे तोंड हे मशीनला कुठून कळणार?

आता मधलं चित्र. काढ. हाताने. आम्ही त्याला ब्रेकडाऊन म्हणतो. दोन कीफ्रेमच्या मध्ये तू स्वतः काढलेलं तिसरं, आणि ते सरासरीपासून मुद्दाम लांब ठेव. उदाहरणार्थ: पर पूर्ण उघडून पंख झालेले आहेत, तोंड अजून माशाचंच आहे, शेपटी मागे रेंगाळत आहे आणि अंग धनुष्यासारखं वाकलंय. मग मासा ते ब्रेकडाऊन आणि ब्रेकडाऊन ते पक्षी असे दोन छोटे प्रवास. प्रत्येक छोट्या प्रवासात मशीनला चुकायला जागाच कमी राहते. आधी काळ्या रंगाने भरून नुसती सावली बघ. हा उडणारा मासा आहे असं सावलीतून कळलं तर पुढे जा. बटाटा दिसला तर परत काढ.

भोकाचं उत्तर सोपं आहे आणि तुला आवडणार नाही. पक्ष्याचं चित्र बदल. पंखाचं टोक शेपटीला टेकवलंसच का? टेकलेली टोकं सावलीत नेहमीच वाईट दिसतात, पंख कुठला आणि शेपटी कुठली कळत नाही. टोक थोडं उचल. भोकाची खाडी झाली, म्हणजे कडेचाच भाग. डोळा वेगळ्या लेयरवर घे. आता तुझ्याकडे दोन्हीकडे एकच बंद कड आहे आणि एकही भोक नाही.

अवांतर: मॉर्फ, म्हणजे एका आकाराचा दुसरा, बसवायचाय हे ठरलं की दोन्ही चित्रं शेजारी ठेवून, एकाच क्रमाने, तितक्याच नोडमध्ये काढावीत. आधी मनासारखी दोन चित्रं काढायची आणि मग त्यांचं लग्न लावायचं, यात वेळ फार जातो.

---

अर्धाकोन

लाइटबॉक्स यांच्याशी सहमत, विशेषतः खाडीशी. आकसण्याचं मात्र नुसत्या खुणांनी पूर्ण जाणार नाही, त्यामागे भूमिती आहे.

तुमचा मासा उभा, पक्षी आडवा. म्हणजे आकार बदलतोय आणि त्याच वेळी साधारण ९० अंशांत फिरतोयही. बिंदू सरळ रेषेत सरकवले तर फिरण्याऐवजी ते वर्तुळाच्या जीवेवरून जातात, कंसावरून नाही. जीवेचा मध्य केंद्राच्या जवळ असतो, म्हणून आकार आत येतो. किती आत? फिरण्याच्या अर्ध्या कोनाच्या कोसाइनइतका. ६० अंश फिरला तर मध्यावर लांबी ८७ टक्के, फारसं जाणवत नाही. ९०ला ७१ टक्के, म्हणजे क्षेत्रफळ थेट निम्मं. १२०ला लांबी निम्मी. १८०ला शून्य, आकार ठिपक्यातून जाऊन परत येतो. तुमचं निम्मं क्षेत्रफळ गायब होतंय, डोळ्याला खुपणारच.

उपाय: फिरणं वेगळं काढा. दोन्ही आकारांचं केंद्र शून्यावर आणा. मग प्रत्येक जोडीसाठी दोन बेरजा करा. पहिली: माशाचा क्ष गुणिले पक्ष्याचा य, वजा माशाचा य गुणिले पक्ष्याचा क्ष. दुसरी: माशाचा क्ष गुणिले पक्ष्याचा क्ष, अधिक माशाचा य गुणिले पक्ष्याचा य. पहिली बेरीज वर, दुसरी खाली ठेवून आर्कटॅन घ्या, दोन आकडे घेणारा (atan2), म्हणजे कोन कुठल्या चतुर्थांशातला ते चुकत नाही. तो कोन म्हणजे माशाला पक्ष्यावर उत्तम बसवणारं फिरवणं. पक्ष्याला तेवढंच उलट फिरवून माशाशेजारी उभा करा, बिंदूंचं सरळ ट्वीन तिथे लावा, आणि आलेल्या आकाराला प्रत्येक फ्रेमला शून्यापासून त्या कोनापर्यंत फिरवत न्या. केंद्राचा मार्ग तिसरा, स्वतंत्र. उसळीचा आहे तर तो कमानीसारखा हवाच आहे. शिवाय तीन स्वतंत्र आकडे मिळाले की तिन्हींना वेगळं ईझिंग देता येतं, त्याने यंत्रासारखेपणा बराच जातो.

ही बेरीज जोड्या लावून झाल्यावरच करायची. आधी केली तर ती चुकीच्या जोड्यांचा कोन देईल. पहिल्या प्रतिसादातलं सरकवून शोधणंही फिरवणं न काढता केलं तर उभ्या-आडव्या आकारांत फसू शकतं.

एवढ्याने अख्ख्या अंगाचं आकसणं जाईल. पण पंख उघडणं हे स्वतःच एक फिरणं आहे. पर अंगाला चिकटलेला, पंख पसरलेला, म्हणजे त्या भागाचं फिरणं अंगापेक्षा वेगळं. त्याचं टोक मध्यावर पुन्हा आखूड होईल. दोन वाटा आहेत. सोपी वाट: बिंदूंची जागा ट्वीन करण्याऐवजी प्रत्येक कडेची लांबी आणि शेजारच्या कडेशी असलेला कोन ट्वीन करायचा, आणि त्यातून आकार परत उभा करायचा. थॉमस सेडरबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये हे मांडलं. यात मध्ये कड पूर्ण बंद होत नाही, शेवटचा बिंदू पहिल्यावर येऊन पडत नाही, म्हणून लांब्यांना थोडंथोडं खेचून तो बंद करावा लागतो. कोड फार मोठा नाही.

अवघड वाट: आकाराच्या आतलं सगळं त्रिकोणांत तोडायचं, दोन्हीकडे तेच त्रिकोण. प्रत्येक त्रिकोणाचा इथून तिथे जाण्याचा मॅट्रिक्स (आकड्यांचा तक्ता) काढायचा आणि त्याचे दोन भाग करायचे, शुद्ध फिरणं आणि शुद्ध ताण. फिरणं कोनाने ट्वीन, ताण सरळ ट्वीन. शेजारशेजारचे त्रिकोण आता एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून सगळ्यांना कमीत कमी दुखवणाऱ्या जागा लीस्ट स्क्वेअरने (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवून) शोधायच्या. मार्क अलेक्सा, डॅनियल कोहेन-ऑर आणि डेव्हिड लेविन यांची २०००ची पद्धत. दिसायला फार सुंदर, आकार खरंच मांसल वाटतो. एका फिल्ममधल्या दीड सेकंदासाठी मी करणार नाही. लाइटबॉक्स यांचं ब्रेकडाऊन हे काम जवळजवळ फुकटात करतं: ९० अंशांचं वळण ४५-४५मध्ये तुटलं की प्रत्येक अर्ध्याच्या मध्यावर लांबी ९२ टक्के राहते.

भोकांबद्दल एक पर्याय नोंदवून ठेवतो. प्रत्येक पिक्सेलपासून कडेपर्यंतचं अंतर घ्यायचं, आत असेल तर ऋण. दोन्ही चित्रांची अंतरं मिसळायची आणि शून्य येईल तिथे कड काढायची. यात भोकं आपोआप येतात-जातात, बिंदूंच्या जोड्याच लागत नाहीत. पण जोड्या नाहीत म्हणजे पर पंखाकडे जातही नाही. बारीक पर आणि बारीक पंख एकमेकांवर पडत नसतील तर पर विरघळतो आणि पंख दुसरीकडे उगवतो. ढगाचा ढग करायला उत्तम, तुम्हाला उपयोग नाही.

---

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

दिशा खरंच उलटी होती. ती सुलटवल्यावर पिळवटणं गेलं. मग कोपरा यांचं सरकवून शोधणं लावलं, तर गंमत झाली: माशाचं तोंड पक्ष्याच्या शेपटीवर जाऊन बसलं. बेरीज सर्वात कमी तिथेच येते, कारण माझ्या पक्ष्याची शेपटी निमुळती आहे आणि डोकं गोल. आकड्यांच्या दृष्टीने बरोबर आणि बघायला भयंकर. म्हणून लाइटबॉक्सताईंच्या सहा खुणा लावल्या आणि शोधणं काढूनच टाकलं.

फिरणं वेगळं काढलं, ८३ अंश आलं. आकसणं जवळजवळ गेलं. पंखाचं टोक उचललं, दुसरं भोक गेलं. पंख थोडा आखूड होतो, पण ब्रेकडाऊन अजून काढायचंय.

आता नवीन अडचण. बिंदू सोडून मी नोड आणि हँडल (नोडपाशी वक्राची दिशा ठरवणाऱ्या दांड्या) ट्वीन करायला लागलो, म्हणजे रेघ गुळगुळीत राहील. लहान पाथमध्ये नोड वाढवताना आकार बदलू नये म्हणून वक्र मध्यबिंदूंच्या रीतीने तोडले, ते नीट झालं. दोन्हीकडे ३१. पण माशाच्या पाठीवर आणि पोटावर मध्येच कोपरे येतात आणि जातात. तिथले नोड दोन्ही चित्रांत स्मूथ आहेत! दोन्हीकडे गुळगुळीत, मग मध्ये कोपरा कुठून?

---

मात्रा

मी देवनागरी फाँट काढते. हा कोपरा आमच्या रोजच्या ओळखीचा आहे.

ओपनटाइप या फाँटच्या फॉरमॅटमध्ये २०१६पासून व्हेरिएबल फाँट आले. त्यात बारीक आणि ठळक असे दोन मास्टर, म्हणजे मूळ चित्रं, काढायचे आणि मधली सगळी वजनं सरळ ट्वीनने निघतात. तुमच्यासारखंच: दोन्ही मास्टरमध्ये तितकेच पाथ, तितकेच नोड, तोच क्रम, तीच सुरुवात. आणि तरीही ४च्या पोटात किंवा क्ष-च्या वळणावर मध्येच कोपरा दिसतो.

कारण असं. स्मूथ नोडची दोन हँडल एका रेषेत असतात. पहिल्या चित्रात ती रेषा आडवी, येणारं हँडल १० लांब, जाणारं ३०. दुसऱ्या चित्रात रेषा उभी, येणारं ३०, जाणारं १०. दोन्ही ठिकाणी गुळगुळीत. आता मध्य काढा. प्रत्येक हँडल आपापल्या सरासरीला जातं: येणाऱ्यावर उभ्या रेषेचा प्रभाव जास्त, जाणाऱ्यावर आडव्याचा. एक हँडल १८ अंशांवर, दुसरं ७२ अंशांवर. मध्ये ५३ अंशांचा कोपरा.

कोपरा येऊ नये यासाठी दोनांपैकी एक गोष्ट पाळायची. हँडलची रेषा दोन्ही चित्रांत एकाच दिशेला असेल तर लांब्या काहीही चालतात. दिशा बदलत असेल तर दोन हँडलच्या लांब्यांचं गुणोत्तर दोन्हीकडे तेच हवं. पहिल्यात १० आणि ३० असेल तर दुसऱ्यात १५ आणि ४५. फाँटमध्ये ट्वीन सरळच असतं, त्यामुळे आम्हाला चित्रच सुधारावं लागतं. म्हणून आम्ही नोड वक्राच्या टोकांवर ठेवतो, जिथे वळण बरोबर आडवं किंवा उभं असतं, म्हणजे दिशा सगळ्या मास्टरमध्ये आपोआप तीच राहते.

तुमचा कोड तुमच्या हातात आहे, तुम्ही आणखी सोपं करू शकता. स्मूथ नोडसाठी हँडलचे क्ष-य ट्वीन करू नका. एक कोन आणि दोन लांब्या, असे तीन आकडे ट्वीन करा. कोन एकच असल्यामुळे दोन्ही हँडल कायम एका रेषेत राहतील. कोन १७० वरून उणे १७० असा जात असेल तर मधलं अंतर २० अंश धरा, ३४० नाही, नाहीतर हँडल उलट्या बाजूने गरागरा फिरेल. आणि कोपऱ्याच्या नोडला हा नियम लावू नका. चोच कोपराच राहायला हवी.

तोंडाचा नोड मात्र बघा. तुमच्या माशाचं तोंड गोलसर असणार, म्हणजे स्मूथ, आणि चोच टोकदार. अशा नोडला दोन्हीकडे कोपऱ्याचाच समजा, माशाच्या बाजूने हँडल योगायोगाने एका रेषेत आहेत इतकंच. मग चोच तोंडातून हळूहळू टोक काढत येते.

आणखी एक, आमच्याकडची पळवाट. वजन वाढत गेलं की काही अक्षरांत आतली पोकळी बुजते आणि कुठल्याही ट्वीनने ते चांगलं दिसत नाही. तिथे आम्ही ठरावीक वजनाला अक्षरच बदलतो, एक चित्र काढून दुसरं ठेवतो. फाँटमध्ये तशी सोयच आहे. फिल्ममध्ये तर हे आणखी सोपं, कारण बघणाऱ्यासमोर एक फ्रेम सेकंदाचा चोविसावा भाग असते. उसळीत सर्वात वेग असेल तिथे एका फ्रेममध्ये चित्र बदललंत तर कोणाला दिसणार?

---

लाइटबॉक्स

मात्राने शेवटचं लाखातलं सांगितलं. त्यावरूनच वेळेबद्दल थोडं, म्हणजे माझ्याकडून हा विषय संपला.

३६ फ्रेम सगळ्या बदलाला देऊ नकोस. पहिल्या १० फ्रेम मासा मासाच आहे, फक्त अंग आवळून घेतो, उलटा वाकतो. मग ८-१० फ्रेममध्ये सगळा बदल उरकून टाक, वर जाण्याचा वेग सर्वात जास्त आहे तिथेच. ब्रेकडाऊन त्याच्या मध्यावर ठेवू नकोस, थोडं अलीकडे घे, म्हणजे पंख फटकन उघडतात आणि बाकीचं अंग मागून पोचतं. उरलेल्या फ्रेममध्ये पक्षी पक्षीच आहे, फक्त स्थिरावतो. पंख थोडे जास्त उघडून परत येऊ देत.

आणि सहाही खुणा एकाच फ्रेमला निघून एकाच फ्रेमला पोचतात का ते बघ. ते सगळ्यात जास्त यंत्रासारखं दिसतं. पंखाच्या दोन खुणा आधी निघू देत, चोच दोन फ्रेम मागून, शेपटीच्या तिन्ही सर्वात शेवटी. कोडमध्ये हा प्रत्येक खुणेमागे एक आकडा आहे. खुणांच्या मधल्या नोडना शेजारच्या दोन खुणांच्या मधला आकडा दे, नाहीतर कडेला पायऱ्या दिसतील.

---

पाटीपेन्सिल

खुणेमागे उशीर लावून पाहिला, काय फरक पडला! नुसता शेपटीला तीन फ्रेम उशीर केला तरी मासा ओढला जातोय असं वाटतं. कोन-लांबीने हँडल केल्यावर पाठीवरचे कोपरेही गेले.

एकच राहिलं. डोळा वेगळ्या लेयरवर आहे, पण माशाचा डोळा मोठा गोल आणि पक्ष्याचा बारीक, थोडा लांबट. त्यालाही तसंच नोड जुळवून ट्वीन लावू का? उशीर कोणाचा द्यायचा?

---

लाइटबॉक्स

डोळ्याला नोड नकोत. केंद्र, दोन त्रिज्या आणि एक कोन, बस. केंद्र चोचीच्या खुणेला बांध आणि उशीरही तिचाच दे, नाहीतर डोळा डोक्यातून सरकून गालावर येईल. ब्रेकडाऊनवर डोळा मिटलेला काढ, मग मोठ्याचा लहान कधी झाला ते कुणी विचारणार नाही.